लर्गनचे निळे भाऊ

आजची गोष्ट आयर्लंड बेटाच्या उत्तरेकडची, आर्मा परगण्यातल्या लर्गन गावची आणि आपल्या रक्ताच्या रंगाची.

दुसरं महायुद्ध चालू होतं. लर्गनमध्ये डॉ. जेम्स डीनी दवाखाना चालवत. त्यांच्या पाहण्यात दोन सख्खे भाऊ आले, जन्मापासून निळसर. ओठ निळे, नखं निळी. असं माणूस दिसलं की पहिला संशय हृदयावर जातो. डीनींनी या दोघांना क जीवनसत्त्व दिलं, आणि निळाई ओसरून चेहरे गुलाबी झाले! 1943 साली ही हकिकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली.

पण असं का झालं? उत्तर बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत मिळालं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. त्यातलं थोडं रोज बिघडतं, आणि मग ते प्राणवायू वाहू शकत नाही. या बिघडलेल्या रूपाला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. निरोगी शरीरात एक एन्झाइम ते लगेच दुरुस्त करतं. या भावांमध्ये तेच कमी होतं. क्वेंटिन गिब्सन यांनी 1948 साली हे दाखवून दिलं. एन्झाइमच्या कमतरतेमुळे होणारा आनुवंशिक आजार इतका नेमका उलगडल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

डीनी स्वतः 1944 साली डब्लिनला सरकारचे मुख्य वैद्यकीय सल्लागार झाले.

आता हे आपल्या कामाचं कसं? आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तरच मुलाला हा आजार होतो. म्हणून नात्यात लग्नं होतात तिथे शक्यता वाढते, आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही. सावळ्या कातडीवर निळाई चटकन दिसत नाही. ओठ, जीभ, नखं पाहावी लागतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही इथे फसवं आकडे दाखवतं.

बहुतेकांना त्रास रंगापुरताच असतो. प्रमाण वाढलं तर डोकेदुखी, धाप, चक्कर. फार वाढलं तर जिवावर बेततं. काही भूल देणारी औषधं ते वाढवू शकतात. अशा वेळी मिथिलीन ब्लू नावाचं औषध शिरेतून देतात, गंमत म्हणजे तेही निळंच. पण जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्याला त्यानेच रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो, आणि ही कमतरता भारतात काही समाजांत बऱ्यापैकी आढळते. तेव्हा घरात कुणाला यातलं काही असेल, तर दात काढायचा असो की ऑपरेशन, डॉक्टरांना आधीच सांगा. गावाकडच्या आजी-आत्यांनाही विचारून ठेवा. घराण्याची ही माहिती इथल्या फायलीत नसते, त्यांच्याकडेच असते.