पासिंग

परवा संध्याकाळी एटापल्लीकडून फोन आला. आमची जुनी जीप विकायची आहे हे कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. किंमत विचारली नाही, अ‍ॅव्हरेज विचारलं नाही, इंजिनचं काम कधी झालंय तेही नाही. पहिलाच प्रश्न, "पासिंग हाय ना जी?"

"आहे. २०२८ पर्यंत," मी म्हटलं.

"मंग झालं तं. रविवारी येतो पाहाले."

फोन ठेवला आणि उगीचच चोरट्यासारखं वाटायला लागलं. खोटं काही बोललो नव्हतो. कागद खरा आहे, सही-शिक्का खरा आहे. तरीही रात्री झोप येईना. तेव्हा म्हटलं, या 'पासिंग'चाच एकदा नीट विचार करू.

आमच्याकडे या शब्दाचे दोन अर्थ आहेत. 'एमएच ३४ पासिंग' म्हणजे चंद्रपूरची गाडी आणि 'एमएच ३३ पासिंग' म्हणजे गडचिरोलीची. हा झाला जन्मदाखला. दुसरा अर्थ म्हणजे फिटनेस, गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची आहे असा दाखला. 'गाडी पासिंगला नेली' हे आपण 'पोरगा परीक्षेला बसला' याच सुरात म्हणतो. आणि खरं सांगायचं तर तयारीही तशीच असते. वर्षभर पुस्तक उघडायचं नाही आणि आदल्या रात्री जागरण करायचं!

कायद्यात ही परीक्षा आली ती इंग्रजांच्या काळात. १९१४ सालच्या मोटार कायद्यात मुख्य भर नोंदणी आणि परवान्यावर होता. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, त्याच्या ३८ व्या कलमात फिटनेस सर्टिफिकेटची अट आहे. तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. पण अट कुणाला? तर ट्रक, बस, टॅक्सी अशा वाहतुकीच्या गाड्यांना. घरच्या मोटारीला नाही. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, कलमाचा आकडा ५६ झाला, पण विभागणी तीच राहिली. भाड्याने माणसं किंवा माल नेणाऱ्या नव्या गाडीला पहिली दोन वर्षं सूट आणि मग दरवर्षी पासिंग. (२०१८ च्या अखेरीस यात थोडी ढील आली. आता आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन-दोन वर्षांचा दाखला मिळतो आणि त्यापुढे दरवर्षी.) दाखला नसेल तर कायद्याच्या लेखी अशा गाडीची नोंदणीच वैध नाही.

आणि खासगी गाडी? तिची नोंदणी एकदम १५ वर्षांची. मधल्या काळात पीयूसी काढत राहा, म्हणजे धुराची तपासणी. ब्रेक, स्टीअरिंग, टायर यांच्याकडे सरकारी माणूस पहिल्यांदा बघणार तो पंधरा वर्षांनी. पास झाली की पुढे पाच-पाच वर्षं.

यामागचा विचार उघड आहे. पैसे देऊन बसणारा प्रवासी परका असतो, गाडीची अवस्था त्याला कळत नाही, म्हणून त्याच्या वतीने सरकारने बघायचं. घरच्या गाडीत घरचीच माणसं, तेव्हा मालक आपला जीव आपणच सांभाळेल. कागदावर हे पटतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यावर मात्र पटत नाही.

कारण आमच्याकडे जीप कधी एका घरची नसतेच.

महिंद्रांनी चाळीशीच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. जंगलाच्या जिल्ह्यांत ही गाडी आधी दिसली ती साहेबांकडे. वनखातं, तहसील, पोलीस, आरोग्यखातं. मग तेंदूपानाच्या ठेकेदारांकडे आली. सरकारी जीप म्हातारी झाली की 'निर्लेखित' व्हायची, लिलावात निघायची आणि एखादा हिकमती माणूस ती घेऊन, मागे दोन बाकडी ठोकून, काळी-पिवळी करून रस्त्यावर आणायचा. (सरकारी गाड्यांचा हा पुनर्जन्म आता संपला. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरणच होत नाही, त्या थेट भंगारात जायच्या.) मग १९९४ मध्ये सुमो आली, २००० मध्ये बोलेरो आली आणि मास्तर, दुकानदार, शेतकरी यांच्या दारातही अशी गाडी उभी राहायला लागली. नाव काहीही असो, आमच्याकडे त्या सगळ्यांना जीपच म्हणतात.

आता बघा. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन जीपा. एक काळी-पिवळी झाली, तिला दरवर्षी पासिंग. दुसरी पांढऱ्या नंबर प्लेटची, घरची. तिला पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. पण रात्री वाड्यातली बाई अडली की दवाखान्यात कोण नेणार? घरचीच जीप. लग्नाला, तेराव्याला, मार्कंड्याच्या जत्रेला पंधरा माणसं कोण नेणार? तीच. बसायला आलेला माणूस काय नंबर प्लेटचा रंग बघतो?

परीक्षेचं ठिकाण हीसुद्धा एक गंमत होती. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी सिरोंच्याच्या माणसाचं जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे चंद्रपूर. नवा जिल्हा झाला तरी सिरोंचा ते गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर भरतं. म्हणजे ब्रेक नीट लागतात की नाही हे बघण्यासाठी तेच ब्रेक घेऊन दीड-दोनशे किलोमीटर जंगलातून जायचं. तालुक्याच्या गावी आरटीओचा कॅम्प लागतो, त्यामुळे काही जणांची ही यात्रा टळते. पण कॅम्पात एका दिवसात गाड्यांची रांग उभी असते. मोकळं मैदान आणि एक निरीक्षक. तो तरी किती बघणार?

बघायचं असतं बरंच. केंद्रीय नियमांत यादीच दिली आहे. हेडलाईट, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टीअरिंग. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. ताशी ३० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला तर गाडी १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. आता हे मोजायचं तर गाडी पळवायला जागा नको का? पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने बजावलं की जिथे २५० मीटरचा चाचणी पथ नाही, तिथे फिटनेसचे दाखले देऊ नका. १९३९ पासून आपण दाखले देतोय आणि ब्रेक दाबून बघायला रस्ता हवा, हे ठरायला एकविसावं शतक उजाडलं!

असो. दुसऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. आता माझी गोष्ट सांगतो.

आमची जीप बाबांनी २००३ मध्ये नवी घेतली. २०१८ मध्ये तिची पंधरा वर्षं भरली आणि ती पहिल्यांदा पासिंगला निघाली. तोवर बाबा गेले होते. मिस्त्रीने गाडी एका फेरीत बघितली. ब्रेकचे लायनर बदलले, हँडब्रेक ओढून घेतला, एक इंडिकेटर लावला, गंजलेल्या पत्र्यावर रंग मारला. शेवटी टायरला लाथ मारून म्हणाला, "हे चालत नाही भाऊ. एकदम टकले झाले."

"नवीन घ्यायचे?"

"घ्याचे तं घ्या. नाहीतं एका दिवसाचे लावून देतो. सगळेच लावते."

चार नव्या टायरचे पैसे आणि एका दिवसाचं भाडं यात मी भाडं निवडलं. फी तेव्हा ६०० रुपये होती. पेन्सिलने चेसिस नंबरचा छाप घेतला, निरीक्षकांनी दिवे लावून बघितले, गाडी थोडी चालवून बघितली. पास! संध्याकाळी गॅरेजमध्ये त्यांचे टायर उतरले, आमचे टकले परत चढले. हसत घरी आलो. आईला सांगितलं, पाच वर्षं आता बघायला नको.

पाच वर्षं कसली, पावसाळाही निघाला नाही. मूलहून आईला घेऊन चंद्रपूरला येत होतो. चिचपल्लीच्या अलीकडे जंगलात पाऊस लागला आणि डावीकडून चितळांचा कळप रस्त्यावर आला. ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम लागले, चाकं जागच्या जागी थांबली. गाडी थांबली नाही. ओल्या डांबरावरून ती तशीच सरकत गेली आणि रस्ता सोडून नालीत कलली. चितळं वाचली, मी वाचलो. आईच्या खांद्याचं हाड मोडलं. तो हात तिला पुढे कधी पूर्ण वर नेता आला नाही.

ती मला काही बोलली नाही. टायरचं तिला ठाऊकच नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. गाडीच्या कप्प्यात पाच वर्षांचा कोरा करकरीत दाखला होता. तो खोटा नव्हता. फक्त तो ज्या गाडीला मिळाला होता, ती गाडी त्या संध्याकाळीच अस्तित्वातून गेली होती.

नंतर मी जरा वाचलं, बाकीचं जग याचं काय करतं ते. ब्रिटनमध्ये ही तपासणी १९६० मध्ये सुरू झाली, 'एमओटी' म्हणतात तिला. सुरुवातीला फक्त दहा वर्षं जुन्या गाड्यांना होती, १९६७ पर्यंत ती तीन वर्षांवर आली. तेव्हापासून घरची गाडीसुद्धा तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी तपासली जाते. आज तिथे कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की ती कधी पास झाली, कधी नापास झाली आणि कशात नापास झाली, हे कुणालाही घरबसल्या दिसतं. जर्मनीची गोष्ट आणखी जुनी. मानहाईमच्या एका दारूभट्टीत वाफेचा बॉयलर फुटला आणि १८६६ मध्ये बॉयलर तपासणारी संस्था निघाली. त्याच परंपरेतली 'ट्यूफ' ही मंडळी पुढे मोटारी तपासायला लागली. १९५१ पासून ही तपासणी तिथे सक्तीची आहे. कुठल्या मॉडेलची किती वर्षांची गाडी किती टक्के नापास होते, याचा अहवालच ते छापतात. जुनी गाडी घेणारा तो अहवाल वाचून घेतो.

आपल्याकडे जुनी जीप पासिंगला किती भरवशाने पास होते, असं मला कुणी विचारलं तर काय सांगू? मॉडेलवार असा आकडा आपल्याकडे छापलाच जात नाही. गॅरेजमधला अनुभव विचाराल तर नापास झालेली जीप मी बघितलेली नाही. आज नाही तर चार दिवसांनी, सगळ्या पास होतात. म्हणून तर पास होण्याला काही वजन उरलेलं नाही.

बदल होतोय, नाही असं नाही. २०२१ मध्ये जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण आलं, त्याच वर्षी स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आले. माणसाच्या डोळ्याऐवजी ब्रेक रोलरवर मोजायचे, आकडा यंत्राने लिहायचा. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० ची ५,००० झाली. २०२३ मध्ये मी ती भरली. या वेळी टायर माझे होते, ब्रेक माझे होते, सगळंच माझं होतं. पण यंत्र आलं तरी ते त्या दिवशीची गाडी मोजणार. भाड्याचे टायर त्यालाही ओळखू येणार नाहीत. उरलेले दिवस मालकाच्या हातातच राहणार.

आणि म्हणूनच त्या फोनने झोप उडाली. २०२३ नंतर गाडी अंगणात उभीच जास्त आहे. मागचे पाटे बसलेत. चेसिसला ड्रायव्हरच्या बाजूने गंज धरलाय, वरून रंग आहे म्हणून दिसत नाही. स्टीअरिंगला थोडा खेळ आलाय. कागद मात्र २०२८ पर्यंत ठणठणीत! आणि ती एटापल्लीच्या रस्त्याला लागणार. तिथे आठ माणसं बसली की जीप रिकामी आहे असं म्हणतात.

काल सकाळी मीच फोन लावला. टायरपासून चेसिसपर्यंत सगळं एकेक सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "काहून जी, विकायची नाही का तुम्हाले?"

"विकायची आहे ना. पण तुमचा मिस्त्री घेऊन या. खाली झोपून बघू द्या त्याला. आणि त्या कामाचे पैसे किमतीतून कापा."

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग ते हसले. "पहिल्यांदाच ऐकतो बाप्पा असं. पण पासिंग तं हाय ना?"

"आहे," म्हटलं. "पासिंग आहे."

रविवारी ते येताहेत. मिस्त्रीला घेऊन.