ओकलंडचा आवाज, खाडीपलीकडची तिकिटं

२००७ साली गोल्डन स्टेट वॉरियर्स तब्बल १३ वर्षांनी एनबीएच्या प्लेऑफमध्ये पोचले. मानांकन आठवं, समोर हंगामात ६७ सामने जिंकलेला डॅलस. तरी वॉरियर्सनी मालिका ४-२ अशी मारली! ओकलंडच्या ओरॅकल अरीनातली पिवळ्या टीशर्टांची गर्दी तेव्हा कानठळ्या बसवत होती. बंदराच्या या शहराने संघ वर्षानुवर्षं हरत असतानाही साथ सोडली नव्हती.

मग स्टेफ करी आला. २०१५, २०१७, २०१८ अशी तीन विजेतेपदं आली. आणि २०१९ मध्ये संघ खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. नव्या चेस सेंटरमध्ये जागा सुमारे १८ हजार, म्हणजे ओरॅकलपेक्षा दीडेक हजार कमी. चाहते वाढले, खुर्च्या घटल्या. सीझन तिकीट हवं तर आधी एकरकमी सदस्यत्व शुल्क भरायचं; ते परत मिळणार ३० वर्षांनी, बिनव्याजी. थोडक्यात, चाहत्यांनीच मालकांना कर्ज द्यायचं. तिकिटाचे पैसे वेगळे, बरं का.

प्लेऑफचे दर तर फेरीगणिक चढतात. पूर्वी ब्लॅकवाला दाराबाहेर कुजबुजायचा. २००० साली निघालेल्या स्टबहबसारख्या साइट्सनी तोच धंदा उजळ माथ्याने स्क्रीनवर आणला. लोक किती मोजायला तयार आहेत हे उघड दिसल्यावर संघही मूळ दर मागणीप्रमाणे हलवू लागले. मला तर जुना ब्लॅकवाला बरा वाटतो, त्याच्याशी निदान घासाघीस करता यायची.

२०२२ ला वॉरियर्स पुन्हा जिंकले. अंतिम मालिकेतले घरचे तिन्ही सामने सॅन फ्रान्सिस्कोत झाले. ओकलंडमधल्या ज्यांना परवडलं ते खाडीपलीकडे गेले, बाकीच्यांनी टीव्ही लावला.