चाकाखालची जमीन

भिवंडीच्या गल्लीत भर दुपारी लाइट जाते आणि सगळ्या लूमांचा खडखडाट एका दमात थांबतो. ही शांतता तुमच्या ओळखीची आहे. कान क्षणभर बधिर होतात. आज मात्र डोळ्यांसमोर कारखाना नाही, खाजण आहे.

जुहू. 15 ऑक्टोबर 1932, दुपारचे 1 वाजून 50 मिनिटं. एकच इंजिन असलेलं पुस मॉथ विमान टेकतं, घरंगळत थांबतं. जे. आर. डी. टाटा उतरतात. सकाळी 6.35 ला कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं. सोबत पंचवीसेक किलो टपाल. पुढचा बेल्लारीमार्गे मद्रासचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांचा.

तुम्ही पंखाला हात लावता. कापड! सवयीने बोट ताण्यावरून फिरतं. लाकडी सांगाड्यावर चढवलेलं, वरून लेप देऊन ढोलकीच्या पुडीसारखं ताणलेलं. ज्या मालावर आपली अख्खी भिवंडी जगते, त्याच्याच जातीच्या मालावर माणूस आकाशात गेला होता, हे हाताला पटायला थोडा वेळ लागतो.

आता खाली वाका, चाक बघा. ही पट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जाते. म्हणून पावसाळ्यात टाटांची विमानं पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर उतरतील. ओल्या मातीशी वैमानिकाचं भांडण दोन्ही वेळेला असतं. उड्डाण करताना ती चाकं धरून ठेवते, वेगच येऊ देत नाही. उतरताना हीच माती चाक अचानक पकडते आणि शेपटी नाकावरून पुढे जाते. चिखलात रुतलेली बैलगाडी ज्याने ढकलली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पुन्हा तीच शांतता, पण नव्वद वर्षांनी पुढे. 25 जुलै 2022, सकाळ. इंदापूर तालुका, कडबनवाडी. बारामतीहून निघालेलं सेसना 152 शेतात उतरवावं लागतं. आत एकटी बावीस वर्षांची शिकाऊ वैमानिक. दोन सीटच्या विमानात दुसरी रिकामी. तिथे क्षणभर स्वतःला बसवून बघा.

या विमानाचं इंजिन बंद पडलं तरी ते दगडासारखं कोसळत नाही. ताशी साधारण 110 किलोमीटरचा वेग राखला, तर हजार फुटांवरून पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. वेळ मिळतो दीड मिनिट. तेवढ्यात वाऱ्याला तोंड करायचं, शेत निवडायचं, पेट्रोल बंद करायचं. आणि टेकण्याआधी दारांच्या कड्या सोडायच्या. कारण आपटून सांगाडा वाकला, तर बंद दार उघडत नाही. मला सगळ्यात जास्त ही कडी आठवत राहते. जमीन अंगावर येत असताना हँडलकडे हात नेणं, हे किती वेळा घोकून घेतल्यावर जमत असेल!

वरून हिरवं दिसतं ते सगळं सारखंच वाटतं. बांध दिसत नाही, विहीर दिसत नाही. विजेची तार तर अगदी जवळ आल्यावरच दिसते. खांब दिसला की तार आहे असं धरूनच चालायचं.

कडबनवाडीत गावकरी धावत आले. मुलीला किरकोळ दुखापत झाली होती, ती वाचली. त्या दुपारी गावभर जी चर्चा झाली असेल, त्यात विमानाइतकंच ‘कुणाच्या रानात उतरलं’ हेही असणार.

तुम्ही परत भिवंडीत. लाइट अजून आलेली नाही. कारखान्याच्या गच्चीवर चढता, आणि पडघ्याच्या दिशेने नजर आपोआप मोकळी जमीन शोधू लागते. गोदामांची पत्र्याची छपरं, पलीकडे आणखी छपरं. मध्ये भाताची खाचरं, गुडघाभर ओली, दर वीस पावलांवर बांध. त्यांच्यावरून तारा. एक तुकडा लांबट दिसतो. त्याच्या टोकाला खांब आहे का, हे तुम्ही डोळे बारीक करून बघत असता, तेवढ्यात खाली पहिला लूम सुरू होतो.