चिखलातला परका दगड

बाभुळगावची जमीन काळी. तिच्याखाली बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. इथल्या उन्हाळ्यात आम्ही वर्गात हिमनदीचा विषय काढतो तेव्हा मुले हसतात. पण आपली बेंबळा वर्धेला मिळते. वर्धेच्या काठाने पैनगंगेच्या संगमापर्यंत गेले की चंद्रपूरच्या पश्चिमेला, इरई गावाजवळ, बेसाल्टहून कितीतरी जुने खडक उघडे पडलेले आहेत.

तेथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांना चुनखडकाची एक गुळगुळीत फरशी सापडली. तिच्यावर सरळ, समांतर ओरखडे होते. ही नोंद १८७५ साली प्रसिद्ध झाली. वाहते पाणी खडक घासते, पण पट्टीने आखल्यासारख्या रेघा ओढत नाही. त्यासाठी सरकत्या बर्फाच्या तळाशी घट्ट रुतलेले दगडच हवेत.

खरे कोडे त्याआधीच पडले होते. १८५६ मध्ये ओडिशातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी बारीक गाळात रुतलेले प्रचंड गोटे पाहिले. बारीक गाळ बसतो संथ पाण्यात, आणि संथ पाणी मणभर दगड वाहून आणत नाही. मग दगड आणला कोणी? बर्फाने, असे त्यांनी सुचवले. उष्ण कटिबंधात बर्फ ही कल्पना अनेकांना पटेना. इरईच्या फरशीने तिला भक्कम आधार दिला. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी गोंडवन खंडात, दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती, हा उलगडा पुढे खंडांच्या सरकण्यातून झाला.

ध्रुवीय समुद्रांचा अभ्यास करणारे आजही हीच खूण शोधतात. तळात नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढतात आणि त्यातले ०.१५ मिलिमीटरहून मोठे खनिजकण मोजतात. किनाऱ्यापासून दूर असे कण बहुधा हिमनगच आणून टाकतो. १९८८ मध्ये हार्टमुट हाइनरिख यांनी उत्तर अटलांटिकच्या गाळात अशा कणांचे थर दाखवले. पुढे त्यांतील चुनखडकाच्या कणांचा माग कॅनडातील हडसन सामुद्रधुनीपर्यंत लागला.

येथे एक सावधगिरी हवी, आणि पाठ्यपुस्तके ती क्वचितच सांगतात. कण वाढले म्हणजे थंडी वाढली, असे नाही. हाइनरिखचे थर हिमस्तर कोसळून हिमनगांचे तांडे सुटल्याचे मानले जातात. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ गेला तर समुद्र ३ मीटरहून अधिक चढेल. म्हणून थर वाढत्या बर्फाचा की मोडत्या, हे ओळखणे महत्त्वाचे. त्यासाठी त्याच चिखलातील सूक्ष्म जीवांची कवचेही तपासावी लागतात. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात दक्षिण महासागराच्या गाळावर हेच काम चालते.