लिंकन घराण्याचें मूळ व उपनांव

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा सोळावा अध्यक्ष अब्राहम लिंकन (१८०९–१८६५) ह्याचें चरित्र वाचकांस परिचित आहे. परंतु आजोबापलीकडे आपलें घराणें त्याला स्वतःलाच निश्चितपणें ठाऊक नव्हतें, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हें घराणें पुढें कागदांवरून कसें उलगडलें, तें येथें थोडक्यांत मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम उपनांव पाहूं. लिंकन हें इंग्लंडांतील एका प्राचीन नगराचें नांव. तेथील तळ्यावरून वस्तीस ‘लिंडम’ म्हणत. रोमन लोकांनीं तेथें निवृत्त शिपायांची वसाहत केली, तेव्हां ‘लिंडम कोलोनिया’ झालें आणि त्याचाच पुढें अपभ्रंश झाला. म्हणजे आपल्याकडील पुणेकर, नगरकर ह्यांसारखेंच हें ग्रामनामावरून पडलेलें आडनांव होय. अशा आडनांवावरून मूळ गांव सुचतें, रक्तसंबंध सिद्ध होत नाहीं. मॅसॅच्युसेट्समधील हिंगम गांवीं सतराव्या शतकांत टॉमस लिंकन नांवाचे चौघे इसम होते. त्यांस कोष्टी, दळणवाला, पिंपें करणारा व शेतकरी असे धंदे जोडून ओळखावें लागे.

१८४८ सालीं हिंगम येथील एका लिंकनानें पृच्छा केली असतां अब्राहमनें कळविलें कीं, आपला आजा व्हर्जिनियांतून सुमारें १७८२ सालीं केंटकींत गेला व दोन वर्षांनीं तेथील मूळ रहिवाशांच्या हातून मारला गेला. पणजा पेनसिल्व्हेनियांतून आला, अशी अंधुक दंतकथा आहे. १८५९ सालच्या आत्मवृत्तांत तो लिहितो कीं, न्यू इंग्लंडांतील लिंकनांशीं संबंध जुळविण्याचा यत्न झाला, पण मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नांवांच्या सारखेपणापलीकडे कांहीं हातीं लागलें नाहीं. अंदाजाला निर्णय म्हणण्याचा मोह त्यानें टाळला, हें संशोधकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें मृत्युपत्रें, खरेदीखतें व चर्चच्या नोंदी तपासल्यावर तो संबंध खराच ठरला. इंग्लंडांतील नॉरफोक परगण्यांतल्या हिंगम गांवीं १६२२ सालीं बाप्तिस्मा झालेला सॅम्युएल लिंकन एका कोष्ट्याचा उमेदवार म्हणून १६३७ त अमेरिकेस आला व नव्या हिंगमांत स्थायिक झाला. त्याचा पुत्र मॉर्डेकाय. त्याचा पुत्र दुसरा मॉर्डेकाय न्यू जर्सीमार्गें पेनसिल्व्हेनियांत जाऊन १७३६ त वारला. ह्याचा पुत्र जॉन १७६८ च्या सुमारास व्हर्जिनियांत उतरला. जॉनचा पुत्र कॅप्टन अब्राहम, त्याचा टॉमस व टॉमसचा आपला चरित्रनायक. अशा ह्या सात पिढ्या. अंधुक दंतकथा खरी निघाली. मात्र आजोबाच्या मृत्यूचें साल १७८४ नसून १७८६ आहे. प्रवासाची दिशा तोंडी परंपरेनें राखली, साल मात्र राखलें नाहीं. केंटकींतील जमिनीच्या सनदेंत त्या आजोबाचें नांव ‘लिंकहॉर्न’ असें पडलें आहे. कारकुनानें कानावर पडलें तसें लिहिलें. शब्दकोशाप्रमाणें शोधणाऱ्यास तो कागद हातीं येणार नाहीं.

आतां ज्या प्रश्नांत एका स्त्रीच्या अब्रूचा संबंध होता त्याकडे वळूं. टॉमस व नॅन्सी हँक्स ह्यांच्या विवाहाची नोंद ते राहत असलेल्या हार्डिन परगण्याच्या दप्तरांत सांपडेना. तेवढ्यावरून विवाह झालाच नाहीं, असें लोक बोलूं लागले. अखेर १८७८ त वॉशिंग्टन परगण्याच्या दप्तरांतून अस्सल कागद बाहेर आले. विवाहाचा जामीनकतबा १० जून १८०६ चा, व धर्मोपदेशक जेसी हेड ह्याच्या अहवालाप्रमाणें विवाह १२ जून रोजीं झाला. नॅन्सी १८१८ तच वारली होती. तिच्या पुत्राची हत्या होऊनही तेरा वर्षें लोटलीं होतीं. त्या मायलेकरांपैकीं कोणीही तो कागद पाहण्यास उरलें नव्हतें.

ह्यावरून आमच्या मतें दोन गोष्टी निष्पन्न होतात. एका दप्तरांत कागद नाहीं, एवढ्यावरून घटना घडली नाहीं असें म्हणतां येत नाहीं. आणि शोध परगण्याच्या सीमेवर थांबवूं नये. आपल्या संग्रहांतील वेगळ्या गांवचीं, चुकीच्या नांवांचीं फुटकळ पत्रें निरुपयोगी म्हणून बाजूस सारण्यापूर्वीं संग्राहकांनीं नॅन्सी हँक्सचें स्मरण करावें, इतकीच आमची विनंति आहे.