संक्षोभ-प्रतिमाने व भित्तिसंस्कार, नळप्रवाहातील

नळातील प्रवाहाचे संगणकावर गणन करताना, भोवऱ्यांचा सरासरी परिणाम मोजक्या समीकरणांत सामावून घेणारी जी रचना योजतात तिला संक्षोभ-प्रतिमान, आणि भिंतीलगतच्या पातळ थराचा हिशेब ज्या रीतीने करतात तिला भित्तिसंस्कार म्हणतात. ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे संथ व संक्षोभी प्रवाहांतील भेद काचनळीत रंगाची धार सोडून दाखविला. रेनल्ड्झ अंक, म्हणजे जडत्व व श्यानता यांच्या प्रभावांचे गुणोत्तर, सुमारे २,३०० च्या पुढे गेला की नळातील संथपणा सहसा टिकत नाही, आणि पाणीपुरवठ्याच्या थोरल्या नळांत हा अंक लाखांच्या घरात असतो.

भित्तिसंस्कार : प्रतिमानाच्या निवडीची चर्चा पुष्कळ होते, भिंतीची कैफियत मात्र आधी ऐकून घ्यावयास हवी. गोव्याच्या पेडणे तालुक्यातील चांदेल येथील जलशुद्धीकरण प्रकल्पाची मूळ क्षमता दररोज १५ दशलक्ष लिटर आहे. एवढे पाणी ५०० मिमी. अंतर्व्यासाच्या एकाच गुळगुळीत नळातून अखंड न्यावयाचे असे केवळ हिशेबापुरते मानले, तर वेग सेकंदास ०.८८ मी. आणि २८° से. तापमानास रेनल्ड्झ अंक सुमारे ५.३ लाख येतो. भिंतीपासूनच्या अंतराचे जे मितिहीन माप, म्हणजे वाय-प्लस, ते १ होण्याचे ठिकाण मग भिंतीपासून अवघ्या ०.०२४ मिमी.वर पडते, ३० ते ३०० हा लघुगणकीय पट्टा साधारण ०.७ ते ७ मिमी.मध्ये सापडतो. या पट्ट्यात गणनासाठी आखलेल्या जाळ्याचा पहिला कोष ठेवून भित्तिफलन, म्हणजे भिंतीलगतचा वेग लघुगणकीय नियमाने ठरविणारे सूत्र, लावावे, किंवा वाय-प्लस १ च्या आसपास कोष रचून श्यान थरच गणावा, असे दोन मार्ग असून दुसरा फार खर्चिक आहे. ५ ते ३० च्या संक्रमणपट्ट्यात पहिला कोष पडू देणे साध्या भित्तिफलनास मानवत नाही, आणि नवशिक्यांची जाळी बहुधा तेथेच अडकतात. लघुगणकीय नियमातील कार्मान स्थिरांक ०.४१ धरण्याचा प्रघात असला, तरी त्याविषयी मतभेद आहेत.

वरील सारे गुळगुळीत नळाविषयी झाले. जुन्या बिडाच्या नळात गंजाचे फोड दीड मिमी. उंचीचे धरले, तर प्रवाह पूर्ण खडबडीत अवस्थेत जातो आणि श्यान थर नाममात्रही उरत नाही. अशा नळात शतांश मिलिमीटरचे कोष रचणे हा निव्वळ अपव्यय होय. येथे खडबडीतपणासह भित्तिफलन हाच प्रशस्त मार्ग. त्यासाठी निकुराड्से यांनी वाळूचे कण चिकटविलेल्या नळांवर घेतलेल्या मोजमापांचा (१९३३) आधार अद्यापही घेतला जातो. सरळ नळाच्या दाबहानीसाठी तर संगणकाची तजवीज करण्याचेही कारण नाही. कोलब्रुक यांचे समीकरण (१९३९) पुरते.

प्रतिमाने : के-एप्सिलॉन (लाँडर व स्पाल्डिंग, १९७४) सरळ नळात भित्तिफलनासह समाधानकारक चालते, परंतु वळणामागे किंवा अर्धवट उघडलेल्या झडपेमागे प्रवाह भिंतीपासून सुटतो तेथे ते हा वियोग कमी दाखविते. तेथे मेंटर यांचे एसएसटी (१९९४) श्रेयस्कर ठरते. वळणानंतरचा पीळ महत्त्वाचा असल्यास रेनल्ड्झ-प्रतिबल प्रतिमाने योजतात. स्पालार्ट-आल्मारास (१९९२) हे प्रतिमान विमानाच्या पंखांसाठी रचलेले आहे, नळांसाठी नव्हे.

गणनपद्धती : पुण्यात जन्मलेले (१९४१), पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून व नंतर मुंबईच्या आयआयटीतून शिकलेले सुहास पाटणकर यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात स्पाल्डिंग यांच्याबरोबर वेग व दाब यांची सांगड घालणारी ‘सिंपल’ ही रीत मांडली (१९७२). पुढे ते मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि त्यांचा १९८० चा ग्रंथ या विषयातील पाठ्यग्रंथ म्हणून मान्यता पावला. आज पुष्कळशा गणनप्रणालींत हीच रीत किंवा तिची रूपांतरे आढळतात.

 

गाळमिश्रित पाणी : कणांचे प्रमाण मोठे असल्यास स्वतंत्र समीकरणे लागतात.