अंदमानात बेटावरून बेटावर फिरायचंय? मग आधी समुद्राचं वेळापत्रक समजून घ्या

डिसेंबर २०१६ मध्ये अंदमानातल्या हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर शेकडो पर्यटक अडकून पडले होते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या. पर्यटकांच्या सुटकेसाठी शेवटी नौदलाची जहाजं पाठवावी लागली.

सोशल मीडियावरच्या रीलमध्ये अंदमानची तीन बेटं अर्ध्या मिनिटात फिरून होतात. प्रत्यक्षात तिथं कधी निघायचं, कधी पोहायचं आणि कधी परतायचं, हे बऱ्याच अंशी समुद्र ठरवतो. म्हणूनच तिकिटं काढण्याआधी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

किती बेटं आणि किती खुली?

सरकारी मोजणीनुसार अंदमान-निकोबारमध्ये लहान-मोठी बेटं आणि खडक मिळून ८३६ ठिकाणं आहेत. कायमची वस्ती मात्र तीसेक बेटांवरच आहे आणि बहुतेक पर्यटक त्यातली चार-पाचच पाहतात. निकोबार बेटं सर्वसाधारण पर्यटनासाठी खुली नाहीत. नॉर्थ सेंटिनेल बेटाजवळ जाणंही गुन्हा आहे. १९५६च्या आदिवासी संरक्षण नियमांनुसार या बेटाभोवती पाच सागरी मैलांपर्यंत प्रवेशबंदी आहे. तिथल्या सेंटिनेली लोकांना बाहेरच्या जगाशी संपर्क नको आहे आणि बाहेरचे साधे आजारही त्यांच्या जिवावर बेतू शकतात.

नावांचा गोंधळ

डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असं झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम करण्यात आलं. तिकिटावर नवं नाव आणि लोकांच्या तोंडी जुनं, असं सर्रास दिसतं. बुकिंग करताना दोन्ही नावं लक्षात ठेवावीत.

फिरण्याचा नेहमीचा मार्ग

विमान पोर्ट ब्लेअरला उतरतं. मराठी पर्यटकांची पहिली भेट बहुधा सेल्युलर जेलला असते. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगात विनायक दामोदर सावरकर आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांनी जन्मठेपेची शिक्षा भोगली.

तिथून हॅवलॉक, मग नील आणि परत पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण सर्वांत सोयीचा पडतो. खासगी वेगवान बोटीनं हॅवलॉकला पोहोचायला दीड ते दोन तास लागतात. सरकारी बोट स्वस्त असते, पण तिला वेळ जास्त लागतो. हॅवलॉक ते नील हे अंतर साधारण तासाभराचं आहे.

कोणता किनारा कशासाठी?

हॅवलॉकच्या पश्चिमेला राधानगर किनारा आहे. ‘टाइम’ मासिकानं २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. रुंद वाळू आणि सूर्यास्त ही त्याची ओळख. पूर्वेकडचा कालापत्थर किनारा सूर्योदयासाठी चांगला. प्रवाळ पाहायचे असतील तर एलिफंट बीच. तिथं बोटीनं किंवा जंगलातल्या पायवाटेनं जाता येतं.

नीलवर भरतपूर, लक्ष्मणपूर आणि सीतापूर अशी किनाऱ्यांची नावं ऐकून अनेकांना नवल वाटतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना या बेटांवर वसवण्यात आलं. इथली बंगाली बोली आणि माशाचं जेवण हा त्याच वस्तीचा वारसा. लक्ष्मणपूरजवळच्या नैसर्गिक दगडी कमानीला तर स्थानिक लोक चक्क ‘हावडा ब्रिज’ म्हणतात!

भरती-ओहोटी का पाहायची?

ही कमान नीट पाहता येते ती फक्त ओहोटीला. भरतीत तिथवर जाणारी खडकाळ वाट पाण्याखाली जाते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे गेल्या आठवड्यात मित्रानं सांगितलेली वेळ आज उपयोगाची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. मुक्कामाच्या हॉटेलात त्या दिवसाच्या वेळा विचाराव्यात.

आणखी एक गोष्ट घड्याळाची. अंदमान मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे डिसेंबरमध्ये तिथं संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ‘चार वाजता आरामात निघू’ म्हणणाऱ्यांच्या हाती किनाऱ्यावर अंधारच लागतो.

पाण्यात उतरताना

पाणी शांत दिसलं तरी ओढ असू शकते. लाटांच्या मधल्या पट्ट्यातून पाणी वेगानं समुद्राकडे परतत असेल, तर त्यात सापडलेला माणूस आत खेचला जातो. अशा वेळी किनाऱ्याच्या दिशेनं झगडल्यास दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावं आणि मग परतावं. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात हलवून मदत मागावी.

खाडी आणि खारफुटीच्या भागात खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. २०१० मध्ये राधानगरजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकी महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. इशाऱ्याचा फलक म्हणजे शोभेची पाटी नव्हे.

बोटीतही तेच. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटून २० हून अधिक जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. लाइफ जॅकेट मिळालं नाही किंवा बोट खच्चून भरलेली दिसली, तर पैसे बुडाले तरी चालतील, पण त्या बोटीत बसू नये.

शंख-शिंपले, प्रवाळ घरी आणता येतात का?

प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते सजीव आहेत. असंख्य सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत असते आणि तिची वाढ फार संथ असते. त्यावर पाय ठेवला तरी इजा होते. २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापल्यानं अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते.

वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळांना संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा उचलून आणणंही गुन्हा ठरू शकतं आणि सामानाच्या तपासणीत तो सापडतो. अनेक जातींच्या शंखांनाही हाच कायदा लागू आहे. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं आलटून पालटून खुली ठेवतात, ती प्रवाळांना उसंत मिळावी म्हणूनच.

कधी जावं, किती दिवस ठेवावेत?

जानेवारी ते एप्रिल हा समुद्र तुलनेनं शांत असण्याचा काळ. मेच्या उत्तरार्धापासून नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वादळांची शक्यता असते.

पाच रात्री हाताशी असतील तर पहिली पोर्ट ब्लेअर, पुढच्या दोन हॅवलॉक, एक नील आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर अशी वाटणी करावी. ही शेवटची रात्र वाया गेल्यासारखी वाटते, पण तीच सर्वांत महत्त्वाची. बोट रद्द झाली तर विमान चुकत नाही. शिवाय स्कूबा डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी १८ ते २४ तास जाऊ द्यावे लागतात. नाहीतर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे तयार होऊन जिवाला धोका होऊ शकतो.

एखादं बेट पाहायचं राहिलं तर पुढच्या वेळी पाहता येईल. खवळलेल्या समुद्राशी मात्र घाई करून चालत नाही.